दादांच्या हार्टच्या गोळ्या मोबाईलवरनं कशा सांभाळायच्या? कोण काय वापरतं?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी, हा विषय आधी कुठं झाला असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही म्हणून नवा धागा काढते.

माझे वडील, आम्ही दादा म्हणतो, वय ६८. दिवाळीच्या आधी लातूरला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवायची जाळी बसवलीय. आता दादा आणि माय दोघंच गावाकडं असतात औसा तालुक्यात, मी पुण्यात, भाऊ हैदराबादला. गोळ्या म्हणाल तर सकाळी उपाशीपोटी एक, नाष्टा झाल्यावर तीन, रात्री जेवून दोन. मी रोज फोन करते, "घेतल्या का", तर म्हणतात "हाव घेतल्या की". आणि मग मायनं सांगितलं की रात्रीच्या गोळ्या कित्येकदा तशाच पडून असतात, विचारलं की चिडतात, बरं वाटायलंय आता कशाला एवढ्या गोळ्या म्हणतात.

दादांकडं स्मार्टफोन आहे पण त्यात ते कीर्तन बघतात आणि व्हॉट्सॲप, बाकी काही येत नाही. मायला नीट वाचता येत नाही. एखादं ॲप टाकून दिलं तर चालेल का? मराठीतलं? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनीच सांगा, जाहिरात नको.

तेरखेडा_फाटा

वाचतोय. आमच्याकडंही हीच कथा, फक्त दादांच्या जागी मोठी आई.

कोडवाला_संभाजीनगर

ताई, ॲप ढिगानं आहेत, प्लेस्टोअरवर मेडिसीन रिमाइंडर टाकलं की रांग लागते. त्यातल्या त्यात मेडिसेफ जुनं आहे, त्यात घरातल्या दुसऱ्या माणसाला जोडायची सोय आहे, म्हणजे दादांनी घेतल्याची खूण केली नाही तर तुम्हाला पुण्यात कळतं. पण कोणतंही टाका, टाकून निघून येऊ नका, सेटिंग करूनच या. फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागं चालणारी ॲप मारून टाकतो, मग अलार्म दोन दिवस वाजतो नि तिसऱ्या दिवशी गप्प. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीत जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करायचं, काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून वेगळं बटन असतं तेही चालू करायचं. आणि अँड्रॉइड ११ पासून एक भानगड आहे, ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेतो, तेही बंद करून ठेवा.

हे सगळं वाचून डोकं दुखलं असेल तर साधं घड्याळाचं ॲप घ्या, फोनमध्ये आधीपासून असतं ते. सकाळ, नाष्टा, रात्र, तीन अलार्म, रोज रिपीट. गूगलच्या घड्याळात आपला रेकॉर्ड केलेला आवाज लावता येतो. आमच्या आजीला मी माझ्या पोरीच्या आवाजात "पणजी, पांढरी गोळी घे" असं लावून दिलंय. सायलेंटवर असला तरी घड्याळाचा अलार्म बहुतेक फोनमध्ये वाजतो, फक्त फोन पूर्ण बंद नको.

गोळीबिस्कीट

मी नांदेड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो, तर काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते सांगतो, लांबेल जरा.

विसरणारे पेशंट असतातच, पण माझ्याकडं विसरल्यामुळं गोळी बुडालेले कमी आणि संपल्यामुळं बुडालेले जास्त. आता बघा, एका गोळीची स्ट्रीप दहाची, एकाची चौदाची, एकाची पंधराची. सगळं एकाच दिवशी घेऊन गेलं तरी संपतं वेगवेगळ्या दिवशी. माणूस म्हणतो सगळ्या संपल्या की एकदाच जाऊ तालुक्याला, बस धरायची, दिवस मोडायचा, कोण दोनदा येणार. मग जी आधी संपली ती चार-पाच दिवस बंद. ती जर नेमकी रक्त पातळ ठेवणारी असली तर झालंच. दुसरं, महिनाअखेरीला "पाच गोळ्या फाडून द्या" म्हणणारी गर्दी. सोयाबीन विकलं की तीनतीन महिन्यांच्या घेऊन जाणारी माणसं तीच असतात, उन्हाळ्यात पाच-पाच फाडून नेतात. तिथं कोणतं ॲप काय करणार सांगा.

तिसरी गोष्ट रंगाची. एका कंपनीची नसली की आम्ही दुसऱ्या कंपनीची तीच गोळी देतो, औषध तेच, पण आधीची गुलाबी होती आता पिवळी आली की म्हाताऱ्या माणसाला वाटतं ही नवीन. घरात जुन्या चार उरलेल्या असतात, मग दोन्ही घेतात, नाहीतर पिवळी बाजूला ठेवून देतात. तुमच्या अलार्ममध्ये "पांढरी गोळी" असेल कोडवालेभाऊ, तर पुढच्या महिन्यात पांढरी येईलच असं नाही हं.

म्हणून माझं म्हणणं, मोबाईल वापरायचाच तर गोळी घ्यायच्या अलार्मआधी गोळी आणायचा अलार्म लावा. जी स्ट्रीप सगळ्यात आधी संपते तिच्या पाच दिवस आधी, आणि तो दादांच्या फोनमध्ये नको, ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या फोनमध्ये. आणि ठरलेल्या मेडिकलला सांगा की सगळ्या गोळ्या तीस दिवसांच्या मोजून द्या, देतात. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो टाकला की आम्ही पुडी बांधून ठेवतो, गावातलं कुणी आलं की त्याच्या हाती जाते. नवीन कंपनीची आली की स्ट्रीपच्या मागच्या बाजूचा फोटो मुलीला पाठवायचा, औषधाचं मूळ नाव तिथं बारीक अक्षरात असतं.

पैशाचा प्रश्न असेल तर जनऔषधीत याच गोळ्या खूप स्वस्त मिळतात, धंदा माझाच बुडतो पण सांगतो. जनऔषधी सुगम म्हणून सरकारी ॲप आहे, जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं त्यात. प्रत्येक वेळी प्रत्येक औषध असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करा.

मांजराकाठची

बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. मायला आत्ता फोन करून स्ट्रीपा मोजायला लावल्या, एक खरंच दोन दिवसांत संपायलीय आणि दादांना पत्ताच नाही.

शंकासुर

गोळीबिस्कीट यांच्याशी सहमत आणि थोडी आकडेवारी टाकतो, कारण ॲपवाल्यांचे दावे ऐकून कान किटले.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल आहे, त्यात म्हटलंय की दीर्घकाळाच्या आजारात श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच लोक औषधं नीट घेतात. म्हणजे दादा एकटे नाहीत. मोबाईलचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात सिडनीला एक मोठा प्रयोग झाला, टेक्स्ट मी नावाचा, २०१५ ला छापून आला. ७१० हार्ट पेशंट, निम्म्यांना आठवड्याला चार मेसेज, सहा महिने. त्यांचं कोलेस्टेरॉल आणि बीपी दुसऱ्या गटापेक्षा कमी आलं, सिगारेटी सुटल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच लोकांनी मोठा प्रयोग केला, १,४२४ पेशंट, २०२२ ला आला, आणि त्यात गोळ्या घेण्याच्या बाबतीत मेसेजवाल्या आणि बिनमेसेजवाल्या गटात फरकच सापडला नाही. वर मेडिसेफचं नाव आलंय, त्याचाही अमेरिकेत ४११ बीपीवाल्यांवर प्रयोग झाला, २०१८ ला आला. लोक म्हणाले आम्ही गोळ्या थोड्या जास्त नीट घेतो, बीपी मोजलं तर दोन्ही गटांत सारखंच.

आता भारतातला एक ऐका. १४ दवाखान्यांत ८०६ पेशंट, हार्ट अटॅकनंतर घरी गेलेले. त्यांना ॲप दिलं नाही, प्रशिक्षण दिलेला आरोग्य कार्यकर्ता दिला, डॉक्टर नाही हं. तो भेटायचा, समजावून सांगायचा, गोळ्यांची वही तपासायचा. वर्षानं त्या गटात गोळ्या नीट घेणारे ९७ टक्के, दुसऱ्या गटात ९२. फरक बघायला छोटा वाटतो पण सोबत बीपी आणि वजनही सुधारलं.

मी ॲपच्या विरोधात नाही, पण ॲपच्या पलीकडं कुणी माणूस आहे का ते आधी बघा.

जुना_कंडक्टर

मी पेशंट. बायपास झालेला, हिंगोली जिल्हा, एसटीतून रिटायर. इथं सगळे पेशंटचे लेकरं बोलायलेत म्हणून म्हटलं आपण बी लिहावं, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझ्या लेकानं बी ॲप टाकून दिलं होतं. सकाळी आठला टणटण वाजायचं, मी बोट लावून बंद करायचो आणि चहा घ्यायचो. बंद केलं की डोक्याला वाटतं काम झालं. मंग लेकाचा फोन, बाबा तुम्ही टिक केली नाही. मंग मी टिक करून टाकायचो गोळी घेवो न घेवो, कटकट मिटली. मुलीबाळींनो हे लक्षात घ्या, तुम्ही तिकडून लै धाक लावला की माणूस टिक करायला शिकतो.

आता काय करतो ते सांगतो. एक, गोळी घशाखाली गेल्याबिगर अलार्म बंद करायचा नाही, वाजू द्यायचा. तिकीट फाडल्याबिगर डबल बेल द्यायची नाही तसं. दोन, आमच्या गल्लीत एक मास्तर हायेत, त्यांची बी प्लास्टी झालेली. आम्ही गोळी घेतली की एकमेकांला मिस कॉल देतो. पैसा लागत नाही. त्यांचा मिस कॉल नऊपर्यंत आला नाही की मी काठी घेऊन त्यांच्या वट्ट्यावर, कामून नाही दिला म्हणून. ते बी तसंच करतात. त्यात कुणाचा धाक नाही, दोघं बी पेशंट.

पंच्याहत्तरी झाल्यावर एसटी फुकट हाय, म्हणून औषध आणायला जायचा खर्च नाही, बसायला जागा मिळाली तर.

कोडवाला_संभाजीनगर

काका एक नंबर! मिस कॉलची आयडिया तर टीबीच्या सरकारी कार्यक्रमात वापरलेली आहे, ९९डॉट्स म्हणतात. गोळ्यांचं पाकीटच असं असतं की गोळी बाहेर काढली की तिच्या मागं लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकट मिस कॉल द्यायचा, तिकडं कळतं की आज पाकीट उघडलं.

शंकासुर

आणि तपासून पाहिल्यावर काय निघालं ते पण सांगा की. काही जण गोळी घेऊन फोनच करत नव्हते आणि काही फोन करून गोळी घेत नव्हते, त्यामुळं त्या मिस कॉलवरनं नेमकं चित्र कळत नाही असं पुढच्या अभ्यासांत आलं. काकांची पद्धत चालते कारण पलीकडं कॉम्प्युटर नाही, मास्तर आहेत.

सिस्टर_जालना

दोन-तीन गोष्टी लिहिते, कारण वरती वाचून कुणी भलतंच करू नये.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. बीपीची, ठोके कमी करणारी, अशा गोळ्या दुप्पट झाल्या तर चक्कर येऊन पडतात माणसं, उन्हाळ्यात तर जास्तच. आठवण लवकर झाली तर घ्यावी, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, आणि आपल्या डॉक्टरला एकदा विचारून कागदावर लिहून घ्यावं की कोणती चुकली तर काय करायचं. "घेतली का नाही" हेच आठवत नसेल तर त्याला अलार्म काही करत नाही, त्याला आठवड्याची कप्प्यांची डबी लागते. सोमवार सकाळचा कप्पा रिकामा म्हणजे घेतली. ती डबी भरायचं काम मुलीनं व्हिडिओ कॉलवर बसून मायकडून करून घ्यावं, मायला वाचता येत नसलं तरी चालतं, स्ट्रीप कॅमेऱ्यासमोर धरायची.

स्टेंटवाल्यांसाठी खास. ॲस्पिरिन आणि तिच्याबरोबरची दुसरी रक्त पातळ ठेवणारी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, ही जोडी स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असते. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर देतात, कुणाला कमी कुणाला जास्त, ते डॉक्टर ठरवतात. मनानं बंद केली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो आणि मग थेट मोठा अटॅक. दात काढायचा असला, मोतीबिंदू असला तरी आपल्या आपण बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरला विचारायचं. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते आणि तिचा असर लवकर उतरतो, तिची रात्रीची गोळी बुडवणं जास्त महागात पडतं. मांजराकाठची ताई, दादांची रात्रीची कोणती आहे ते आधी बघा.

आणि "बरं वाटतंय" हे तर रोज ऐकते. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळं. पण हे फोनवर ओरडून सांगितलं तर पटत नाही. अलार्मला नाव देता येतं ना, तिथं "गोळी" असं लिहू नका, "स्टेंट उघडा ठेवायची गोळी" असं लिहा. नुसत्या वाजण्यापेक्षा कशासाठी ते कळलेलं बरं. बीपीच्या रॅमिप्रिल गोळीनं काही जणांना कोरडा खोकला लागतो, ते कुणाला न सांगता गोळी सोडून देतात. सांगा ना, बदलून मिळते. लघवीची गोळी असली तर लोक बसनं गावाला जायचं म्हणून बुडवतात, तिची वेळ पुढंमागं करता येते का ते विचारून घ्या, बुडवू नका.

शहागंजवाला

सिस्टर, रोजाचं सांगा जरा. अब्बूंना दोन स्टेंट आहेत, रमजानमध्ये सगळे अलार्म चुकीच्या वेळी वाजायचे आणि घरात भांडणं. मागच्या वर्षी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी गोळ्या सेहरी आणि इफ्तारवर बसवून दिल्या, काही एकदाचीच करून दिल्या. मी अलार्मची वेगळी सेट करून ठेवलीय, रमजान लागला की जुने बंद नवे चालू. वेळ रोज थोडी थोडी सरकते म्हणून इफ्तारचा अलार्म अजानच्या थोडा नंतरचाच ठेवलाय.

सिस्टर_जालना

अगदी बरोबर केलंत, आधी जाऊन विचारणं महत्त्वाचं. हार्ट फेल्युअर असेल, लघवीची गोळी चालू असेल तर रोजा झेपेल का हेच आधी विचारावं लागतं. आणि हे फक्त रोजाचं नाही हो, आमच्याकडं श्रावण, नवरात्र आणि एकादशीला "उपास आहे म्हणून गोळी घेतली नाही" म्हणणाऱ्या आज्या रांगेनं असतात. पाण्याबरोबर गोळी घेतल्यानं उपास मोडतो असं कुण्या देवानं सांगितलंय माहीत नाही.

परभणीची_सून

माझा प्रश्न जरा वेगळा. सासूबाईंचा व्हॉल्व्ह बदललेला आहे, लहानपणच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेला. त्यांना ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि ती रोज सारखी नसते, काही वारी एक, काही वारी दीड, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) बघून डॉक्टर बदलतात. कोणत्याच ॲपमध्ये धड बसेना. शेवटी साध्या घड्याळात वारांप्रमाणे दोन अलार्म केलेत, सोम बुध शुक्र एक आणि बाकीच्या वारी दुसरा, नावातच "दीड" लिहिलंय. आयएनआरचा रिपोर्ट आला की फोटो घरच्या ग्रुपवर आणि ग्रुपच्या वरच्या माहितीत सध्याचा डोस. दुसऱ्या गावी कुणी डॉक्टरनं विचारलं की तेच दाखवतो.

बाकीच्यांसाठी पण एक, गुडघे दुखतात म्हणून दुकानातनं दुखीची गोळी आणून घेतात ना, ती या लोकांना चालत नाही, रक्त जातं. सासूबाईंच्या फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवलीय, "रक्त पातळ करायची गोळी चालू".

सिस्टर_जालना

+१, चिठ्ठी फार कामाची. मेथी-पालक एकदम बंद पण नको आणि एकदम पातेलंभर पण नको, रोज सारखं ठेवा म्हणजे आयएनआर हलत नाही.

बालाघाटी

चर्चा चांगली चाललीय पण सगळ्यांनी गृहीत धरलंय की फोन पेशंटच्या हातात आहे. मी बीड जिल्ह्यात शाळेवर आहे, डोंगरपट्टा, दिवाळी झाली की अर्धं गाव ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला कारखान्याला. घरात चांगला फोन एक, तो कोयत्याबरोबर जातो. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि एक बटनाचा फोन, त्यात रिचार्ज असला तर असला. ॲपवाल्या बापूंनी हे बघायला पाहिजे.

उलट बी होतं. पेशंट स्वतःच तोडणीला गेलेला असतो. बीपीच्या गोळ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातनं महिन्याच्या घेतल्या, त्या संपल्या तेव्हा माणूस फडात, पहाटेच उठून कोयता, चार्जिंग कुठं तर ट्रॅक्टरवर. तिथल्या दवाखान्यात जावं तर खाडा पडतो, उचल अंगावर. मग उन्हाळ्यात गावी आल्यावर बीपी बघावं तर डोळे पांढरे होतात. अशा माणसाला अलार्म लावून देणं म्हणजे चेष्टाच.

तरी बटनाच्या फोनात काय होतं ते सांगतो. अलार्म प्रत्येक बटनाच्या फोनात असतो, फक्त रोजचा रिपीट लावून द्यावा लागतो, नाहीतर एकदा वाजून मोकळा. हे आमची सातवीची पोरं करतात. मी शाळेत एक काम दिलं, ज्याच्या घरी बीपीचं, शुगरचं, हार्टचं माणूस आहे त्यानं रोज संध्याकाळी आजीआज्याच्या गोळ्या बघायच्या आणि वहीत टिक मारायची. अभ्यासापेक्षा नीट करतात. एक पोरगी तर आज्याला म्हणते, टिक नाही तर गुरुजी मारतील, मी कधी कुणाला हात लावलेला नाही बरं का.

आणि सरकारला एक विचारावं वाटतं. गरोदर बायांसाठी किलकारी नावानं रेकॉर्ड केलेले कॉल जातात, साध्या फोनवर, वाचायची गरज नाही. तसाच एक कॉल मराठीत, हार्टवाल्यांसाठी, आपल्या बोलीत, का नको? मेसेज वाचणार कोण, आमच्याकडं मेसेजमध्ये कर्जाच्या जाहिराती येतात म्हणून कुणी उघडतच नाही.

शंकासुर

बालाघाटी सर, तुमच्या सातवीच्या पोरांना वर लिहिलेल्या अभ्यासातले आरोग्य कार्यकर्तेच म्हटलं पाहिजे, फक्त पगार नाही.

आणखी एक, गोळ्यांची संख्याच कमी करता येते का हे कुणी बोललं नाही. अनेक औषधं एकाच गोळीत, पॉलिपिल. याची एक मोठी चाचणी आपल्याकडंच सुरुवातीला झाली, पॉलिकॅप, २००९ ला छापून आली. नंतर युरोपात सेक्युअर नावाची चाचणी झाली, २,४९९ अटॅक येऊन गेलेले पेशंट, ॲस्पिरिन, रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन एका कॅप्सूलमध्ये. २०२२ चा निकाल, पुन्हा अटॅक, पक्षाघात, तातडीची प्लास्टी किंवा हृदयविकारानं मृत्यू हे सगळं धरून एका कॅप्सूलवाल्या गटात ९.५ टक्के आणि वेगवेगळ्या गोळ्यावाल्या गटात १२.७. यात मोबाईल कुठंच नाही. दादांच्या पुढच्या तपासणीला विचारा, दोन गोळ्यांची एक होते का.

गोळीबिस्कीट

होतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र, त्यात कोलेस्टेरॉलची पण घातलेली, अशा कॅप्सूल मिळतात. पण मनानं बदलू नका, आणि एकत्रवाली आणल्यावर घरातल्या जुन्या सुट्ट्या परत आणून द्या. एकत्र आणि सुट्टी दोन्ही घेणारे मी बघितलेत.

मांजराकाठची

सगळ्यांचे आभार. कंडक्टर काकांचं वाचून जरा लागलं खरं, मी तेच करायले होते, रोज उठून पोलिसासारखं विचारणं. पण काका, लांब राहणाऱ्या मुलीनं करावं तरी काय? न विचारता बसवत नाही.

जुना_कंडक्टर

विचार की माय, कोण नको म्हणतंय. फक्त पहिलं वाक्य गोळीचं नको. पाऊस पडला का, तुरीला शेंग धरली का, हे विचार आधी. माझा लेक आता तसंच करतो आणि मीच सांगतो गोळी घेतली म्हणून. आणि दादांच्या ओळखीत प्लास्टी झालेलं कुणी तरी असंलच, लातूर भागात काय कमी हायेत का. त्यांची गाठ घालून दे.

मांजराकाठची

आहेत, शेजारच्या गावात मामाच आहेत लांबचे, दादांचं पटतं त्यांच्याशी. बोलून बघते.

सध्या ठरवलंय ते लिहिते, कुणाला काही चुकीचं वाटलं तर सांगा. ॲप नाही टाकत. सकाळचा, नाष्ट्याचा आणि रात्रीचा असे तीन अलार्म घड्याळात, भाचीच्या आवाजात, रंग न सांगता. रविवारी व्हिडिओ कॉलवर माय डबी भरणार. गोळ्या आणायचा अलार्म माझ्या आणि भावाच्या दोघांच्या फोनमध्ये, पैसे मी मेडिकलवाल्याला इथनंच पाठवणार, पुडी दूधवाल्याबरोबर गावात. सिस्टर, रात्रीची बघितली, एक कोलेस्टेरॉलची आहे आणि दुसरी टिकाग्रेलॉरच निघाली. आज रात्रीच दादांशी बोलते. आणि ती जिभेखाली ठेवायची गोळी आहे ना, तिला पण अलार्म लावायचा का?

सिस्टर_जालना

नाही नाही, ती रोजची नाही. सॉर्बिट्रेट फक्त छातीत दुखलं तर, डॉक्टरनी सांगितलंय तेवढीच, आणि बसून घ्यायची, उभ्यानं नाही, बीपी एकदम उतरतं. डबीत इतर गोळ्यांबरोबर ठेवू नका, वेगळी ठेवा आणि मायला जागा दाखवून ठेवा. तारीख संपलीय का ते बघा. एका गोळीनं पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन, ग्रुपवर मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसायचं नाही. मायच्या फोनमध्ये १०८ एक नंबरच्या बटनावर लावून देता येतो का बघा, दाबून धरलं की लागतो असा.

कोडवाला_संभाजीनगर

बहुतेक फोनमध्ये एक नंबरचं बटन व्हॉइसमेलला अडकलेलं असतं, दोनवर लावा. स्मार्टफोन असेल तर १०८ चा शॉर्टकट थेट स्क्रीनवर ठेवता येतो, ताई मी पायऱ्या व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तेरखेडा_फाटा

व्यनि नको, इथंच टाका भाऊ, मोठ्या आईच्या फोनमध्ये मला पण करायचंय.